जळजळीची गोळी आणि पुदिन्याचं तेल: या चुका टाळा

सकाळी पँटोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, आणि जेवणानंतर बत्ताशावर पेपरमिंटचा अर्क असलेल्या अमृतधारेचे थेंब. फोंडा-डिचोलीकडच्या कित्येक घरांत हे दोन्ही एकत्र चालतं, आणि तरीही जळजळ थांबत नाही म्हणून गोळी वाढवली जाते.

मोठी चूक होते ती पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलबाबत. आतड्याच्या मुरड्यासाठी ही कॅप्सूल देतात. तिच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात, जिथे आम्ल कमी, तिथे विरघळतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, फॅमोटिडीन किंवा पातळ अँटासिड घेतलं की जठरातलंच आम्ल घटतं. मग आवरण तिथेच फुटतं. तेल जठरात सांडतं, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू पुदिन्याने सैल पडून आम्ल वर येतं. म्हणजे ज्या त्रासावर गोळी, तोच वाढतो! कॅप्सूल चावून किंवा फोडून घेतली तरी हेच होतं.

‘दोन तासांचं अंतर ठेवलं की झालं’ ही समजूत अर्धीच खरी आहे. अँटासिडचा परिणाम थोडा वेळ टिकतो, त्यामुळे तिथे अंतराचा उपयोग होतो. पँटोप्राझोलचा असर मात्र दिवसभर राहतो. तिथे वेळ बदलून भागत नाही. कॅप्सूल चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावं लागतं. पँटोप्राझोलची गोळी जेवणानंतर घेणं हीसुद्धा नेहमीची चूक. जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्या, आणि चुरडू नका. बरेच दिवस चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, आम्ल उसळून येतं.

अमृतधारेत पेपरमिंटच्या अर्काबरोबर कापूर आणि ओव्याचा अर्कही असतो. लहान मुलांना ती पाजू नका. कापूर थोडा जरी पोटात गेला तरी मुलांना झटके येऊ शकतात. निलगिरीचं तेल तर कुणीच पिऊ नये.

फार्मसीत गोळी मागताना घरी कोणतं तेल, कोणता काढा चालू आहे तेही सांगा. आयुर्वेदिक आहे म्हणून बरेच जण सांगतच नाहीत, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं किंवा वजन उतरणं दिसलं तर घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम सुटला असेल, तर ती अ‍ॅसिडिटी समजू नका. लगेच १०८ ला फोन करा.