ढगातल्या बर्फाचं मॉडेलिंग करायचंय? आधी कण मोजा

जळगाव-धुळ्याकडून फिजिक्स करून ढगांच्या मॉडेलिंगकडे वळायचंय म्हणून दोघातिघांनी विचारलं, तर एकदाच लिहून टाकतो. शुद्ध पाण्याचा थेंब साधारण उणे ३८ अंशांपर्यंत गोठत नाही, त्याआधी गोठायचा तर धुळीचा नाहीतर जिवाणूचा एखादा कण लागतो, हे तुम्हाला माहीत असणारच.

सगळ्यात आधी स्कीम, म्हणजे ढगात बर्फ किती तयार होतो ते ठरवणारा मॉडेलमधला कोडचा भाग, उघडून वाचा. मॅन्युअल नाही, फोरट्रानमधला मूळ कोड. किती कण बर्फ सुरू करतील ते सांगणारं मेयर्सचं १९९२ चं सूत्र बर्फावरच्या सुपरसॅच्युरेशनवर, म्हणजे बर्फाच्या मानाने हवेत वाफ किती जास्त झालीय त्यावर चालतं, त्यात एरोसोलचा, म्हणजे हवेतल्या धुळीसारख्या कणांचा, आकडाच नाही. मग तुम्ही एप्रिलमधली धूळ दुप्पट करा नाहीतर दहापट, त्या सूत्रातून येणारा बर्फ तेवढाच, आणि थीसिसमध्ये लिहून मोकळे की धुळीचा परिणाम नगण्य! त्याच कामाच्या डीमॉटच्या २०१० च्या सूत्राला तापमानासोबत अर्ध्या मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती तेही द्यावं लागतं. सीनियरची नेमलिस्ट (मॉडेलच्या सेटिंगची फाइल) उचलून रन लावणाऱ्याला हे कळत नाही, आणि खरं सांगू का, बऱ्याचदा सीनियरलाही कळलेलं नसतं.

आता खरा खड्डा, यात माझा बराच वेळ गेलाय. ही सूत्रं सांगतात की अमुक तापमानाला एकूण किती कण बर्फ सुरू करू शकतात. एकूण, दर टाइमस्टेपला (मॉडेल ज्या छोट्या टप्प्याने काळ पुढे नेतं तो) नाही. समजा उणे २० ला लिटरमागे १ कण. कोड तो दर स्टेपला नव्याने जमा करत गेला तर १० सेकंदांच्या स्टेपने तासाभरात लिटरमागे ३६० स्फटिक. तुम्ही म्हणाल आमच्या स्कीममध्ये आधीचा बर्फ वजा केलाय. केला असेल, पण स्फटिक मोठे होऊन खाली पडले की त्या थरात बर्फ कमी होतो, स्कीमला वाटतं जागा रिकामी झाली आणि ती परत १ टाकते. कण तर स्फटिकासोबत खाली गेला ना भाऊ, मग हा दुसरा आला कुठून? केळीच्या एका खोडाला एकच घड येतो, इथे तेच खोड दर स्टेपला घड देतंय. उपाय एकच, वापरून झालेल्या कणांचा वेगळा ट्रेसर, म्हणजे हवेसोबत वाहत जाणारा हिशोबाचा आकडा, ठेवायचा आणि उपलब्ध कणांतून तो वजा करायचा.

बर्फ जास्त आला की हॅलेट-मॉसपचं (आधीच्या बर्फावर थेंब गोठताना बर्फाचे नवे तुकडे सुटतात त्या प्रक्रियेचं) नाव पुढे करायची सवय लावू नका. ते साधारण उणे ३ ते उणे ८ मध्येच चालतं, तेही बर्फावर थेंब येऊन गोठत असतील तर, उणे २० चा बर्फ त्याच्या माथी मारता येत नाही.

घाबरू नका, मराठी मीडियमने काही अडत नाही, फोरट्रान महिन्याभरात वाचता येतं. पण रावेर-यावलची गारपीट हा पहिला विषय घेऊ नका, गारांमध्ये वर चढणारी हवा आणि अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेलं, पाणी इतकं गुंतलेलं असतं की धुळीचा वाटा वेगळा काढताना दमछाक होते. आधी पायथॉनमध्ये हवेचा एकच गोळा वर चढवणारं पार्सल मॉडेल लिहा, स्वतः, कुठून कॉपी न करता. गाइड नावाजलेला नसला तरी चालेल, तुमचा कोड उघडून बघणारा हवा.

आणि मोठा रन लावायच्या आधी एकूण कण, वापरलेले कण आणि स्फटिक हे तिन्ही आउटपुटच्या यादीत टाका, नंतर आठवलं तर अख्खा रन परत करावा लागतो.