मेलबर्नमध्ये राजकारणावरच्या व्याख्यानाला जाताना

सगळ्यात आधी नाव नोंदवा. व्याख्यान फुकट असलं तरी बहुतेक ठिकाणी नोंदणी लागते, आणि जमणार नसेल तर ती वेळेत रद्द करा, म्हणजे कुणाला तरी खुर्ची मिळते. जागा नीट वाचून घ्या. व्हीलर सेंटर ही व्याख्यानं आणि चर्चा ठेवणारी संस्था २०१० पासून लिटल लॉन्सडेल स्ट्रीटवर, स्टेट लायब्ररीच्याच इमारतीत आहे, पण त्यांचे काही कार्यक्रम दुसऱ्या सभागृहांत असतात. जाकीट घ्याच, इथल्या हवेचा भरवसा नाही.

खरी तयारी आदल्या रात्रीची. शब्दांचे इथले अर्थ पक्के करा. लिबरल पक्ष हा इथला उजवीकडे झुकणारा पक्ष, हे डोक्यात नसेल तर पहिली दहा मिनिटं गोंधळात जातात. मतदान १९२४ पासून सक्तीचं, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची मुदत तीनच वर्षांची, आणि मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो. विषय मूळ रहिवाशांचा असेल तर १४ ऑक्टोबर २०२३ चं सार्वमत वाचून जा. संसदेपुढे त्यांचं म्हणणं मांडणारं मंडळ राज्यघटनेत आणायचं होतं. सुमारे ६० टक्के लोकांनी नकार दिला, तोही सहाही राज्यांत. आपल्याकडे संसद घटनादुरुस्ती करते. इथे जनतेला विचारावंच लागतं, आणि देशभरात बहुमत मिळून भागत नाही, किमान चार राज्यांतही ते लागतं. आजवर असे ४५ प्रस्ताव लोकांपुढे गेले, त्यातले ८ मंजूर झाले. एवढं माहीत असलं की वक्ता ‘नाही’बद्दल बोलतो तेव्हा नेमकं काय हरलं ते कळतं.

दहा मिनिटं आधी पोचा. सुरुवातीला त्या भूमीच्या मूळ लोकांचा आदराने उल्लेख होतो, शहराच्या मध्यभागी बहुधा वुरुंजेरी लोकांचा. त्या वेळी फोन खिशात असू द्या.

आणि एक प्रश्न लिहून न्या. एकच. सार्वमतानंतरच्या एका व्याख्यानाला माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर छोटी वही, पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी, त्यातल्या तीन खोडलेल्या. माइक आल्यावर त्यांनी उरलेली ओळ वाचली: “ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्या दारी तुम्ही स्वतः किती वेळा गेलात?” वक्ता बराच वेळ गप्प राहिला, मग त्याने खरं उत्तर दिलं. तेव्हापासून मीही घरूनच प्रश्न खोडत खोडत एका दमात वाचता येईल एवढा करून नेतो. नागरिकत्व मिळालेलं नाही म्हणून मागच्या रांगेत गप्प बसलेली आपली माणसं मी पाहिली आहेत. मत देता येत नसेल, पण हात वर करायला कुणी पासपोर्ट विचारत नाही.

परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा. प्रश्नोत्तरं रंगात आली असताना उठावं लागलं की फार हळहळ वाटते.