समुद्रकाठच्या निवांत वस्तीत घर घेताय? या चुका टाळा

बैठी घरं, दुपारी ओस पडणारे रस्ते, वाळूपर्यंत जाणारी बोळ. मग एक कॅफे उघडतो, भिंतींवर चित्रं येतात, आणि दोनेक वर्षांत जुनी घरं एकामागून एक विकायला निघतात. या बदलाला जेन्ट्रिफिकेशन म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना हा शब्द रूढ केला. अशा ठिकाणी पैसा बुडतो तो बहुधा खारी हवा, पाणी आणि बिगरहंगामाचे महिने हिशेबात न धरल्यामुळे.

हंगामातलं भाडं गुणिले ५२

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. विकणारा भर हंगामातलं आठवड्याचं भाडं सांगतो, त्याला ५२ने गुणतो आणि किमतीवर वर्षाला १२ टक्के परतावा दाखवतो. आता तोच हिशेब नीट मांडू. समजा, हंगाम १२ आठवड्यांचा आणि घर ९० टक्के भरलेलं. पुढचे १४ आठवडे निम्मं भरलेलं, भाडं हंगामाच्या ६० टक्के. उरलेले २६ आठवडे १५ टक्के भरलेलं, भाडं ४० टक्के. बेरीज केली तर हाती येतात हंगामी दराचे साडेसोळा आठवडे. म्हणजे १२चे झाले ३.८ टक्के, तेही खर्चाआधी. साफसफाई, व्यवस्थापन, वीज, विमा, दुरुस्ती यांत निम्मे गेले तर उरतात दोनाच्या आत. आकडे आपापल्या ठिकाणचे घाला, पण मांडणी हीच ठेवा. विकणाऱ्याकडून मागच्या दोन वर्षांच्या प्रत्यक्ष बुकिंगचा महिनावार तपशील घ्या. तो मिळत नसेल तर तेच उत्तर समजा.

पर्यटकांना भाड्याने देण्याचे नियम आहेत तसेच राहतील, असं धरूनही चालू नका. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्यावर कडक नोंदणी लावली. बार्सिलोनाने २०२८च्या अखेरीपर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने बंद करण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. वस्ती जितकी लोकप्रिय, तितका असा नियम येण्याचा संभव जास्त. म्हणून कायम राहणाऱ्या भाडेकरूच्या भाड्यावर व्यवहार बसतो का, हे आधी पाहा. सध्याचा परवाना खरेदीदाराच्या नावावर होतो का, आणि इमारतीची स्वतःची नियमावली काय म्हणते, हे लेखी विचारा.

खारी हवा फक्त रंग खाते, हा समज

हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं आणि त्यातले क्लोराइड सळईवरचा संरक्षक थर फोडतात. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी पट जागा घेतं, त्यामुळे वरचं काँक्रीट आतून फुटतं. पाहणीला जाताना छोटी हातोडी न्या. बाल्कनीच्या स्लॅबची खालची कड, जिन्याखालचा भाग, पार्किंगचे खांब आणि पाण्याच्या टाकीखालचं छत हलकेच ठोका. बद्द, पोकळ आवाज आला तर तिथलं काँक्रीट सुटलेलं आहे. सळईच्या रेषेत गेलेली सरळ भेग आणि तिच्यातून उतरलेला तपकिरी ओघळ, ही जोडी दिसली की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि काँक्रीटचे नमुने पृष्ठभागापासून वेगवेगळ्या खोलीवरून काढून क्लोराइड तपासून घ्या. विक्रीच्या आधी नुकताच दिलेला रंग आणि गिलावा संशयानेच बघावा.

वरून प्लास्टर थापणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. सळईच्या मागे साधारण २० ते २५ मिलिमीटर जागा मोकळी होईल इतकं काँक्रीट फोडावं लागतं. सळई साफ करायची, जास्त झिजली असेल तर जोड द्यायची, मगच दुरुस्तीचा मसाला भरायचा. इतकं करूनही आजूबाजूच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ उरलं असेल तर काही वर्षांनी ठिगळाच्या कडेलाच नवा गंज धरतो. एकदाच्या खर्चात हे प्रकरण मिटेल असं धरू नका.

फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे २४ जून २०२१ रोजी बारा मजली किनारी इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ जण गेले. पोहण्याच्या तलावाच्या डेकखालच्या काँक्रीटची मोठी हानी २०१८च्या अहवालात नोंदलेली होती. रहिवाशांवर दीड कोटी डॉलरची दुरुस्ती वर्गणी बसणार होती. त्यामुळे फ्लॅट घेताना इमारतीच्या मागच्या पाच वर्षांच्या सभांची इतिवृत्तं, दुरुस्ती निधीची शिल्लक आणि मंजूर झालेली पण वसूल न झालेली वर्गणी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

जाता जाता: बाहेरचे कडी-कोयंडे, रेलिंग, स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. नेहमीच्या ३०४ दर्जाच्या स्टीलवर किनाऱ्यालगत लवकर डाग पडतात. एसीचं बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने नियमित धुवा.

ओहोटीला घर बघणं

दलाल दाखवतो तेव्हा समुद्र नेमका दूर असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीच्या वेळेत जा आणि समुद्राकडे नव्हे, गटाराकडे बघा. पाऊस नसतानाही रस्त्यावरच्या जाळीतून पाणी वर येत असेल तर भरतीचं पाणी पाइपातून उलटं शिरतंय. तुमच्या जोडणीवर एकदिशा झडप बसवली तर घरात येणं थांबेल, रस्ता मात्र बुडणारच. शेजारच्या घरांचे वीजमीटर कुठल्या उंचीवर बसवलेत तेही पाहा. मुद्दाम वर सरकवलेले मीटर बरंच काही सांगतात.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. आणि समुद्राची पातळी २००६ ते २०१८ या काळात जगभरात सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढत होती. कर्ज ३० वर्षांचं, विमा मात्र बहुधा दर वर्षी नव्याने घ्यायचा. हप्ता किती, आणि नुकसानीतला किती भाग आपण सोसायचा, याचं लेखी कोटेशन सौद्याच्या आधी हवं.

‘जुनं पाडून नवं बांधू’

किनाऱ्यापासून ठरावीक अंतरात नव्या बांधकामाला बंदी किंवा मर्यादा बहुतेक ठिकाणी असते. जुनं घर नियमाआधीचं म्हणून उभं राहू शकतं, पण पाडलं की तोच आकार तिथे पुन्हा मिळेलच असं नाही. वादळात मोडलं तरी तीच गत होऊ शकते. नियोजन कार्यालयातून भूखंडाची आजची बांधकाम मर्यादा लेखी घ्या. आखलेली किनारा-रेषा आणि प्रत्यक्षातली वाळूची कड यांत फरक असेल तर जुन्या हवाई छायाचित्रांशी ताडून पाहा. संरक्षक भिंतीचा फार भरवसा धरू नका, तिच्या टोकांशी वाळू बरेचदा आणखी वेगाने जाते.

जुन्या भाडेकरूला घालवण्याची घाई

समजा, भाडं १० टक्क्यांनी वाढवलं आणि भाडेकरू गेला. महिनाभर घर रिकामं राहिलं की पहिल्या वर्षी हाती येतं ११ गुणिले १.१, म्हणजे १२.१ महिन्यांचं जुनं भाडं. रंगकाम आणि दलाली धरली की तोटाच. कायद्याने मिळणारी मुदत आणि कज्जे वेगळेच. शिवाय या वस्तीत भांडी घासणारे, प्लंबर, नर्सेस याच घरांत राहत असतात. ते दूर गेले की तुमचीच टपकणारी तोटी दुरुस्त करायला माणूस तासाभराच्या अंतरावरून येतो आणि तसे पैसे लावतो.

मागितलेला भाव हाच बाजारभाव

भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये ‘रेंट गॅप’ची कल्पना मांडली: जमीन आज किती भाडं देते आणि उत्तम वापरात किती देऊ शकेल, यातला फरक. नफा त्या फरकात असतो. जुन्या बैठ्या घराची किंमत उद्याच्या टोलेजंग इमारतीच्या हिशेबाने मागितली जात असेल तर तो फरक विकणाऱ्याने आधीच खिशात घातलाय. जाहिराती सोडा, मागच्या २४ महिन्यांत नोंदणी झालेले सौदे काढा आणि घरं किती दिवस विक्रीला पडून राहतात ते मोजा. विमा न मिळणाऱ्या घरावर बँका कर्ज द्यायला कचरतात, मग गिऱ्हाईक उरतं फक्त रोख मोजणारं, आणि ते भाव पाडूनच मागतं.