बी.ए. इकॉनॉमिक्सची डिग्री पूर्ण करायला काय काय लागतं, आणि ती अडते कुठे

ॲडमिशनचा सीझन आला की घरातल्या कोणाचा तरी फोन येतोच, "ताई, इकॉनॉमिक्सला किती पेपर असतात गं?" आणि मी दरवेळी तेच सांगते की बाळा पेपर मोजू नकोस, क्रेडिट मोज. आमच्या वेळी सोपं होतं, एफवायला म्हणजे पहिल्या वर्षी जी-वन (जी म्हणजे जनरल, एस म्हणजे स्पेशल पेपर), एसवायला जी-टू, एस-वन, एस-टू, टीवायला जी-थ्री, एस-थ्री, एस-फोर, की झालं स्पेशल इकॉनॉमिक्स. पुण्याकडच्या बी.ए.वाल्यांना हे कोड झोपेत उठवून विचारलं तरी आठवतील. आता नवीन शैक्षणिक धोरण आलंय, महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांना २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून, आणि मार्कशीटवर एईसी, व्हीईसी, व्हीएससी, ओजेटी अशी आद्याक्षरं आली की आईवडील सोडा, पोरांनाही कळत नाही आपण नक्की कशाची परीक्षा देऊन आलो. माझा मावसभाऊ स्वायत्त कॉलेजात आहे, त्याचे तिन्ही वर्षांचे फॉर्म मीच बघितलेत, त्यावरून लिहितेय.

आधीच सांगते, केन्ससारखा अवघड अर्थशास्त्रज्ञ समजला नाही म्हणून डिग्री अडलेली पोरं मी फार बघितली नाहीत. दोन क्रेडिटचा कुठला तरी फुटकळ पेपर राहिला, प्रोजेक्ट जमाच केला नाही, डायरीवर सही नाही, अशांनी अडलेली मात्र ढिगाने.

तर हिशोब. तीन वर्षं, सहा सेमिस्टर, दर सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, म्हणजे एकूण १२० ते १३२. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. तुमच्या विद्यापीठाचा आकडा १२० आहे का १३२ ते सिलॅबसच्या पहिल्या पानावरच्या टेबलात असतं, ते पान फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि दर निकालाला त्यावर टिक करा. मावसभावाचं पहिलं सेमिस्टर असं होतं: मेजर म्हणजे मुख्य विषय ६, ओपन इलेक्टिव्ह २ अधिक २, व्होकेशनल स्किल (व्हीएससी) २, स्किल एन्हान्समेंट २, भाषेचा एईसी २, व्हॅल्यू एज्युकेशन २, भारतीय ज्ञान प्रणाली २, को-करिक्युलर २. करा बेरीज, २२. म्हणजे इकॉनॉमिक्स घेतलं म्हणून गेलेल्या पोराला पहिल्या सेमिस्टरला इकॉनॉमिक्स सहाच क्रेडिटचं, थोडं व्होकेशनलमध्ये धरा, बाकी सगळं इतर. तो वैतागला होता, "मी नक्की कशाला ॲडमिशन घेतलंय?" पण हळूहळू मेजरचं वजन वाढत जातं आणि तीन वर्षांत मिळून साधारण निम्मे क्रेडिट मेजरचे होतात.

संलग्न कॉलेजांत बऱ्याच ठिकाणी गंमत वेगळी आहे. तिथे एफवायला तीन विषय सारख्याच वजनाने घ्यायचे आणि एसवायला त्यातला एक मेजर, एक मायनर म्हणजे दुय्यम विषय करायचा. इथेच दोन गोष्टी विचारून घ्या. एक, त्या तिनांत इकॉनॉमिक्स घेतलंय ना, कारण एफवायला नसेल तर नंतर मेजर म्हणून मागता येत नाही. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, तुमच्या कॉलेजात इकॉनॉमिक्स टीवायपर्यंत मेजर म्हणून शिकवतात का. तालुक्याच्या कॉलेजात कधीकधी विषय असतो पण पुढे पोरंच पुरेशी नसतात म्हणून बॅच होत नाही, मग "राज्यशास्त्र घे की, तेही चांगलंय" असं सांगतात. चांगलंय हो, पण तुम्हाला इकॉनॉमिक्स हवं होतं ना.

आता ती आद्याक्षरं पटपट. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं असतं, आर्ट्सवाल्याने कॉमर्स किंवा सायन्सकडचं, तेव्हा मैत्रिणीने घेतलं म्हणून घेऊ नका, एक्सेल किंवा बेसिक अकाउंट्स असं काही मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, टीवायला उपयोगी पडतं. एईसी म्हणजे भाषा, इंग्रजी आणि मराठी किंवा दुसरी भारतीय भाषा. व्हीईसी म्हणजे व्हॅल्यू एज्युकेशन, त्यात पर्यावरण, संविधान असले विषय. को-करिक्युलर म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योगा, सांस्कृतिक. यातलं काहीही अवघड नाही, आणि अवघड नाही म्हणूनच पोरं तिकडे फिरकत नाहीत. आमच्या वेळी एसवायला पर्यावरणाचा कंपल्सरी पेपर होता, त्याचा प्रोजेक्ट द्यायचा असायचा, माझ्या मैत्रिणीने "नंतर देऊ" म्हणत दिलाच नाही. टीवायला फर्स्ट क्लास मिळाला आणि निकाल राखून ठेवलेला. बी.एड.चं ॲडमिशन त्या वर्षी गेलं तिचं, वीस पानांच्या प्रोजेक्टपायी.

ग्रेडचं गणितही समजून घ्या कारण छोटे पेपर तिथेही चावतात. दहाच्या स्केलवर ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे नुसतं पास ४. प्रत्येक पेपरचे पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. समजा मायक्रोचा चार क्रेडिटचा पेपर, ए ग्रेड, झाले ३२. दोन क्रेडिटच्या पेपरात कसंबसं पी, झाले ८. एकूण ४०, भागिले ६, आले ६.६७. ए ग्रेडवाला पोरगा थेट बी प्लसच्याही खाली. पुढे एम.ए.ला मेरिट लागतं तेव्हा हेच पॉइंट आठवतात.

पासिंग साधारण ४० टक्क्यांचं, आणि बहुतेक ठिकाणी इंटर्नल आणि एक्स्टर्नल दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. इंटर्नलला गैरहजर राहिलात तर लेखीला ६० पडून उपयोग नाही, केटी (म्हणजे पेपर राहिला) ती केटीच. एटीकेटीवर पुढच्या वर्षात जाता येतं पण त्यालाही हद्द आहे, एफवायचं सगळं क्लिअर झाल्याशिवाय टीवायला घेत नाहीत असा नियम बऱ्याच विद्यापीठांत आहे, म्हणून एफवायची केटी एसवायलाच उडवा. हजेरी ७५ टक्के. "आमच्याकडे कोणी बघत नाही" हे सगळेच म्हणतात, ब्लॅकलिस्ट लागते त्या दिवशीपर्यंत.

मेजरकडे येऊ. सूक्ष्म, स्थूल, सार्वजनिक आयव्यय, आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था, संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, नावं थोडी इकडे तिकडे पण गाभा हाच. बी.ए.ला बारावी कुठल्याही शाखेची चालते, बी.एस्सी. इकॉनॉमिक्सला मात्र बऱ्याच ठिकाणी बारावीचं मॅथ्स मागतात, गोंधळ करू नका. आणि बी.ए. असलं तरी आकड्यांपासून सुटका नाही. लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, पाठ करून येत नाही, बाजारात जाऊन करा. आमच्याकडे टोमॅटो २० चे ३० झाले, भाव ५० टक्क्यांनी वाढला, आई दोन किलो घ्यायची ती दीड किलोवर आली, मागणी २५ टक्क्यांनी घटली, २५ भागिले ५०, लवचिकता ०.५, म्हणजे मागणी अलवचिक. मिठाचा भाव दुप्पट झाला तरी आई तेवढंच मीठ घेणार, तिथे लवचिकता शून्याच्या जवळ. एवढं स्वतः केलं की परीक्षेत कुठलेही आकडे येऊ देत. उत्तरात आकृती काढलीत तर दोन्ही अक्षांना नावं द्या, उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर मागणी. नुसत्या दोन रेघा काढून खाली "आकृती" लिहिणाऱ्यांना मार्क कसे मिळतील.

मराठीतून लिहायची मुभा आहे तिथे खुशाल मराठीतून लिहा, फक्त प्रत्येक संज्ञेचं इंग्रजी नाव शेजारी वहीत लिहून ठेवत जा. मी समवृत्ती वक्र, सीमांत उपयोगिता सगळं मराठीत शिकले आणि एम.ए.ला पहिल्याच लेक्चरला सर "इंडिफरन्स कर्व्ह" म्हणाले तेव्हा मला वाटलं काहीतरी नवीनच आलं. पंधरा मिनिटांनी फळ्यावर ओळखीचा वक्र दिसला तेव्हा जीवात जीव आला.

आणि आकडे जुन्या गाईडमधले घेऊ नका. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आहे तरी विक्रीकर आणि अबकारीवर दोन-दोन पानं लिहून येणारे अजून आहेत. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी राज्याच्या बजेटच्या तोंडावर येते, अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, मराठीत फुकट मिळते. त्यातले शेती आणि रोजगाराचे दोन तक्ते जरी वाचलेत तरी टीवायचं निम्मं काम होतं, शिवाय एमपीएससीला तेच लागतं.

आता ज्याला पोरं सगळ्यात जास्त घाबरतात ते ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्ट. ओजेटी म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणं; ते टीवायला, ४ क्रेडिट, बहुतेक ठिकाणी १२० तास, रोज चार तास धरले तर ३० दिवस. इकॉनॉमिक्सवाल्याने जायचं कुठे? पतसंस्था, सीएचं ऑफिस, बाजार समिती, ग्रामपंचायत, एखादी संस्था जी सर्व्हे करते, काहीही चालतं पण आधी विभागप्रमुखांकडून होकार घ्या आणि कॉलेजचं पत्र घेऊनच जा. मावसभाऊ एका पतसंस्थेत गेला, पत्र न घेता, कारण मॅनेजर ओळखीचे. दहा दिवस थकीत कर्जांच्या याद्या एक्सेलमध्ये भरल्या, मनापासून काम केलं पोराने, आणि कॉलेजात कळलं की पत्राच्या तारखेआधीचे दिवस धरणार नाहीत. ४० तास पाण्यात. दुसरं, डायरी रोजच्या रोज भरा आणि आठवड्याला सही-शिक्का घ्या. शेवटच्या दिवशी तीस दिवसांच्या सह्या एकाच पेनाने घेतलेल्या सरांना लगेच ओळखू येतात, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिला प्रश्न त्यावरच येतो. "मी डेटा एन्ट्री केली" एवढंच लिहू नका, कसला डेटा, किती खाती, त्यात काय दिसलं ते लिहा. त्याने लिहिलं होतं की थकबाकीदारांत दुभत्या जनावरांसाठी कर्ज घेतलेले जास्त होते आणि हप्ते उन्हाळ्यात चुकत होते, बाहेरून आलेल्या मॅडमनी त्यावरच दहा मिनिटं गप्पा मारल्या.

फील्ड प्रोजेक्टला विषय लहान घ्या. "भारतातील बेरोजगारी" नको. आपल्या आठवडी बाजारातले पन्नास भाजीवाले घ्या, किती जण यूपीआय घेतात, सुट्ट्याचं काय करतात, दिवसाची उलाढाल साधारण किती. दहा-बारा प्रश्न, छापलेला कागद, सकाळी गिऱ्हाईक नसताना जायचं, आधी अर्धा किलो काहीतरी विकत घ्यायचं मग विचारायचं. उत्पन्न थेट विचारलं तर कोणी सांगत नाही, रोजचा माल कितीचा भरता ते विचारा, सांगतात. गूगल फॉर्म मित्रांना पाठवून "भाजीवाल्यांचा सर्व्हे" करणारे महाभाग आहेत, करू नका, आकड्यांवरून कळतं.

ऑनलाइनचं म्हणाल तर स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स क्रेडिटला चालतात, यूजीसीने ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिलीये, पण तुमचं कॉलेज कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरतं हे नोंदणीआधी लेखी विचारा.

मध्येच सोडावं लागलं तर? घरची अडचण, लग्न, नोकरी, होतं. पहिलं वर्ष पूर्ण करून ४० ते ४४ क्रेडिट झाले तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, पण दोन्हीला वर ४ क्रेडिटचा स्किल कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, आपोआप हातात पडत नाही. परत यायची मुभा आहे. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, १६० ते १७६ क्रेडिट, आणि रिसर्चवालं ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. सगळ्यांनी चौथं वर्ष करावं असं मला नाही वाटत. एमपीएससीची राज्यसेवा किंवा यूपीएससीची नागरी सेवा द्यायची तर तीन वर्षांची डिग्री पुरते. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस डोक्यात असेल तर मात्र त्याला इकॉनॉमिक्समधली पदव्युत्तर डिग्रीच लागते, तेव्हा एम.ए.चा विचार आत्तापासून आणि मॅथ्सची भीती आत्ताच काढा.

कागदपत्रांचं शेवटी सांगतेय पण करायचं सगळ्यात आधी. एबीसी आयडी, म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होतात त्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याचा नंबर, डिजीलॉकरवरून काढा, त्यातलं नाव, आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव एकच हवं, नाहीतर क्रेडिट खात्यात दिसतच नाहीत. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी नंबर, पाठ करा. दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीचं काम एफवायलाच संपवा, ते राहिलं की शेवटच्या निकालाला उगवतं. दर सेमिस्टरचं मार्कशीट आलं त्याच आठवड्यात तपासा, मावसभावाचे एनएसएसचे दोन क्रेडिट एकदा चढलेच नव्हते, कॉलेजच्या क्लार्ककाकांनी हजेरीची यादी शोधून काढली म्हणून निभावलं, दोन वर्षांनी गेला असता तर कोण शोधणार होतं ती यादी. आणि टीवाय पास झालात म्हणजे डिग्री सर्टिफिकेट घरी येतं असं नाही, बऱ्याच विद्यापीठांत पदवीदानासाठी वेगळा ऑनलाइन फॉर्म आणि फी भरावी लागते. त्या फॉर्ममध्ये नाव मराठीतही टाइप करायचं असतं, तिथे कॅफेवाल्यावर सोडू नका, आईचं नाव, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं स्वतः दोनदा वाचा. माझ्या सर्टिफिकेटवर आईचं "सुनीता" ऱ्हस्व पडलंय, दुरुस्तीला ॲफिडेव्हिट मागितलं होतं, अजून केलं नाहीये.