एका खोलीत दोन इयत्ता आणि अनेक पातळ्या : नव्याने रुजू होणाऱ्या प्राथमिक शिक्षकांसाठी

बीड जिल्ह्यातील द्विशिक्षकी शाळांमध्ये मी बरीच वर्षे तिसरी आणि चौथी एकत्र शिकवत आलो आहे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत नियुक्ती मिळून वाडी-तांड्यावरच्या शाळेत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकांची पहिली तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे पाठटाचण, म्हणजे तासाचा आधी लिहिलेला आराखडा, इयत्तेनुसार काढलेले असते आणि समोरची मुले त्या इयत्तेत बसत नाहीत. याची कारणे समजून घेतली तर निम्मी चिडचिड कमी होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे चार इयत्ता दोघांत वाटून घ्याव्या लागतात. त्याच कायद्याने, कधीही शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. त्यातच आमच्याकडची ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्याला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. त्यामुळे चौथीत एक मूल धडा घडाघडा वाचते आणि त्याच्या शेजारचे जोडाक्षरापाशी अडते, हे चित्र तुम्हाला दरवर्षी दिसेल.

सुरुवातीचे काही दिवस कोणते मूल नेमके कुठे अडते, एवढेच शोधण्यात घालवावेत. हुशार, मध्यम आणि कच्ची असे तीन गट पाडणे सोपे असते, परंतु त्यातून शिकवायचे काय हे कळत नाही. माझ्या वर्गात नेहमी दिसणारे एक उदाहरण सांगतो. 52 मधून 27 वजा करायला दिल्यावर दोन मुलांनी 35 हे उत्तर लिहिले, तर वरवर पाहता दोघांची चूक एकच वाटते. प्रत्यक्षात एकाने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो, म्हणजे 2 मधून 7 जात नाहीत म्हणून त्याने सरळ 7 मधून 2 घालवले. दुसऱ्याने दशक सोडवून 12 मधून 7 बरोबर वजा केले, पण दशकाच्या घरातील एक कमी करायचे तो विसरला. अशा वेळी दोघांनाही 60 वजा 24 हे उदाहरण द्यावे. पहिल्याचे उत्तर 44 येईल, दुसऱ्याचे 46, आणि कोणाला काय शिकवायचे हे लगेच स्पष्ट होईल. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन दशक सोडवण्यापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्याला ती समज आहे, त्याला फक्त कमी झालेला दशक वर लिहून ठेवण्याची सवय लावायची असते. तिसराही एक प्रकार आढळतो. ‘बावन्न’ ऐकून मूल 25 लिहिते, कारण उच्चारात दोन आधी येतात. त्याची अडचण वजाबाकीची नसून संख्यालेखनाची असते आणि त्याला वजाबाकीची आणखी उदाहरणे घालून काहीही साधत नाही. फडावर राहून आलेल्या मुलांना उसाच्या मोळ्या मोजणे ठाऊक असते, त्यामुळे गठ्ठा आणि सुटे हा विषय त्यांना, पुष्कळदा वर्षभर शाळेत बसलेल्या मुलांहूनही, लवकर उमगतो.

असे गट कामापुरते असावेत आणि काम झाले की मोडावेत. वजाबाकीत मागे असलेली मुलगी वाचनात पुढे असू शकते. भिंतीवर गटांची नावे लावून ठेवली की मुले ती नावे जन्मभराची समजतात, आणि खरे सांगायचे तर शिक्षकही तसेच समजू लागतात.

दोन इयत्तांच्या खोलीत खरी कसोटी लागते ती तुम्ही शिकवत नसलेल्या इयत्तेची. तिसरीला फळ्याजवळ घेतले असताना चौथीने काय करायचे, हे आदल्या दिवशी ठरलेले नसेल तर तास वाया गेलाच म्हणून समजा. फळ्यावरचे उतरवून घेणे हे काम मुलांना गप्प ठेवते, पण त्यातून शिकणे फारसे होत नाही. उत्तर मागच्या बाजूला लिहिलेली उदाहरणांची कार्डे, जोडीने वाचून एकमेकांना प्रश्न विचारणे, दिलेल्या उत्तरावरून शाब्दिक उदाहरण तयार करणे, अशी कामे द्यावीत. शेवटचे काम विशेषतः पुढे गेलेल्या मुलांना द्यावे, कारण त्यांना त्याच प्रकारची आणखी दहा गणिते देणे ही एक प्रकारची शिक्षाच ठरते. जिथे जमेल तिथे, उदाहरणार्थ परिसर अभ्यासातील पाणी किंवा अन्न यांसारख्या घटकात, दोन्ही इयत्तांची चर्चा एकत्र घेऊन केवळ लेखनकाम वेगळे ठेवल्यास बराच वेळ वाचतो.

तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते. ती मराठी वाचताना चुकत असतील तर आधी गोष्ट त्यांच्या बोलीत सांगू द्यावी, मोठ्या मुलाकडून ती मराठीत सांगून घ्यावी आणि मग पुस्तक उघडावे. वर्गात बोली बोलण्यास मनाई करणाऱ्या शिक्षकांशी मी कधीही सहमत होऊ शकलो नाही.

मूल्यमापनाची धास्ती बाळगू नये. 2010 पासून राज्यात असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक नोंदींसाठी, म्हणजे मूल शिकत असतानाच करायच्या नोंदींसाठी, दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक अशी साधने आहेत. लिहिण्यात संथ असलेल्या मुलाला काय येते हे तोंडीकामातून कळते. तशी नोंद करण्याची मुभा असताना केवळ लेखी चाचणीवर विसंबण्याचे कारण नाही.

एखादे मूल सतत अक्षरे गाळत असेल किंवा फळ्यावरचे वाचू शकत नसेल, तर आधी त्याची जागा बदलून पाहावी, पालकांना दृष्टी व श्रवण तपासून घेण्यास सांगावे आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना कळवावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, मात्र तिचे निदान करण्याचा अधिकार तज्ज्ञांचा आहे. शिक्षकाने आपल्या अंदाजाने मुलाला नाव चिकटवू नये.

पाडव्यानंतर परतलेल्या मुलांसाठी वेगळी तयारी लागते. स्थलांतरित मुलाला तिकडच्या शाळेत शिकता यावे म्हणून जाताना दिलेले शिक्षण हमी कार्ड सोबत आले असेल तर मुलाचे शिक्षण तिकडे कुठवर झाले याचा अंदाज येतो. पुष्कळदा ते येत नाही. अशा मुलाला आल्याबरोबर चाचणीला बसवू नये. मी त्याला पहिले काही दिवस त्याच्या जुन्या जोडीदाराशेजारी बसवतो, शाळा सोडताना त्याला जमत असलेला धडा किंवा उदाहरण परत करू देतो आणि हे सारे ज्यात टिपलेले असते ती माझी प्रत्येक मुलाची नोंदवही तेथून पुढे लिहितो. माझी बदली झाली की ही वही दाखल्यांच्या कागदांसोबत पुढच्या शिक्षकाच्या हाती सोपवतो.