आजीचा पितळी पानाचा डबा आणि बुटांचं खोकं

घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये समोरच्या टॉवरमुळे खिडकीतला उजेड तासाभरात पालटतो. आजीचा पितळी पानाचा डबा रंगवायला बसावं, तर चित्र अर्ध्यावर असताना चकाकी भलतीकडेच! शेवटी बुटांचं रिकामं खोकं कामी आलं.

१. खोकं आडवं ठेवा, तोंड आपल्याकडे. आतून काळा किंवा करडा कागद चिकटवा. पितळेत पंखा, खिडकी, आपला लाल टी-शर्टसुद्धा उमटतो. ते बरंच कमी होतं.
२. डावी बाजू कापून तिथून टेबललॅम्पचा उजेड सोडा. ट्यूबलाइट बंद, पडदे ओढलेले.
३. डबा खोक्यात ठेवून त्याच्या बुडाभोवती खालच्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारा, म्हणजे हलला तरी पुन्हा जागेवर ठेवता येतो. (घरात कुणाला तरी तो मध्येच पुसायची हुक्की येतेच.)

सोनेरी रंग घेऊ नका, सपाट दिसतो. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), सावलीत किंचित निळा. जलरंग असतील तर चकाकीच्या जागी कागद कोराच सोडा.

आणि हो, रंगवण्याआधी डबा चिंचेने घासू नका. कडांचा काळेपणा, झाकणावरचे चुन्याचे डाग एकदा गेले की लवकर परत येत नाहीत.