मेफ्लायची अळी ओळखताना या चुका टाळा, नुसत्या शेपट्या मोजू नका

ओढ्यातला दगड उलटा केला, खाली तीन शेपट्यांचा किडा दिसला, की झालं, "मेफ्लाय!" म्हणून फोटो ग्रुपवर. (मेफ्लाय म्हणजे अळीपणी पाण्यात राहणारा आणि मोठेपणी उडणारा कीटक.) मी पण हेच करायचो. एकदा ताम्हिणीकडच्या ओढ्यात असंच एक सापडलं, वहीत मेफ्लाय लिहूनसुद्धा झालं आणि घरी फोटो मोठा करून बघतो तर टाचणीची, म्हणजे चतुराच्या नातलग कीटकाची, अळी! टाचणीच्या मागे जे तीन दिसतात ते पानासारखे चपटे कल्ले असतात आणि अळी उताणी केली की तोंडाखाली घडी घातलेला लांब ओठ दिसतो, भक्ष्य पकडायचा. मेफ्लायच्या शेपट्या दोऱ्यासारख्या, बारीक.

आता उलटी गंमत. दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय (ओढ्यातच अळी वाढणारा दुसरा कीटक), असं सगळीकडे सांगतात. स्टोनफ्लायला दोनच असतात हे खरं, पण जोरात वाहणाऱ्या पाण्यात दगडाला चिकटून राहणाऱ्या एपिओरस नावाच्या मेफ्लायला पण दोनच असतात, वर तीन शेपट्यांच्या मेफ्लायला चिमट्याने धरलं की तिसरी तुटते ती वेगळीच. म्हणून चिमटा नको, रंगाचा मऊ ब्रश घ्या.

मग बघायचं काय? कल्ले आणि नखं. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतात, स्टोनफ्लायचे असलेच तर बहुतेक छातीखाली, पायांच्या मुळाशी झुपक्यासारखे. पायाच्या टोकाला मेफ्लायला एकच नख, स्टोनफ्लायला दोन. १० पटीचं भिंग असलं की नखं दिसतात, फक्त हात स्थिर पाहिजे.

हे सगळं पाण्यातच बघा हं. पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाणी घेऊन अळी सोडली की थोड्या वेळात कल्ले फडफडायला लागतात, तेच तळहातावर घेतली तर सगळे अंगाला चिकटून बसतात आणि आपण म्हणतो कल्लेच नाहीत. अल्कोहोलमध्ये टाकल्यावर तर कल्ले गळतात पण, त्यामुळे फोटो आधी.

सगळ्यात जास्त फसवते ती केनिस नावाची मेफ्लाय. गाळात राहणारी, जेमतेम काही मिलिमीटरची, आणि कल्ले शोधून सापडत नाहीत. नीट बघा, पाठीवर दोन चौकोनी झाकणं असतात ना, ते दुसऱ्या जोडीचे कल्ले, बाकीचे नाजूक कल्ले त्याखाली लपलेले, गाळ बसू नये म्हणून. सुईच्या टोकाने झाकण हळूच उचललं की झालर दिसते.

अंग चपटं आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असले तर हेप्टाजेनिडी हे मेफ्लायचं कुळ, माशासारखं निमुळतं अंग आणि डोळे बाजूला असले तर बहुतेक बेटिडी कुळ. इथेच थांबा, फोटोवरून प्रजातीचं नाव लिहायचा मोह आवरा, आणि अगदी पिटुकल्या अळीला पंखांच्या पिशव्या (पाठीवर जिथे पुढे पंख तयार होतात त्या) नसतात म्हणून ती बाद पण करू नका. त्या पिशव्या काळ्या पडलेल्या दिसल्या तर मात्र पटकन बघून पाण्यात सोडा, तिचा उडायचा टाइम झालेला असतो.